दचकायचं नाहीये, घाबरायचंय

"एखादा खरंच भीतीदायक सिनेमा सुचव, मला कशाचीच भीती वाटत नाही," असं म्हणणारा कुणी ना कुणी मला दर महिन्याला भेटतो. मी मोठ्या प्रेमानं एक नाव देतो. दोन दिवसांनी निकाल येतो : "ठीक होता. फार संथ आहे रे, काही घडतच नाही." जरा खोदून विचारलं की कळतं, साहेबांनी तो भरदुपारी, मोबाइलवर, मधे मधे मेसेजना उत्तरं देत आणि दीडपट वेगानं पाहिलेला असतो. दीडपट वेगानं! म्हणजे अंगाई द्रुत लयीत म्हणायची आणि वर बाळ झोपत नाही म्हणून कुरकुर करायची.

तर ही पोस्ट त्यांच्यासाठी नाही. ज्यांनी या प्रकारातलं ढीगभर पाहिलंय आणि आता आपल्याला काहीच लागत नाही याचं ज्यांना मनातून थोडं वाईट वाटतं, त्यांच्यासाठी आहे. मीही त्यातलाच. बाथरूममधलं आरशाचं कपाट कुणी उघडलं की मला कळतं, बंद करताना मागे कुणीतरी उभं असणार. संगीत थांबलं की मी मनात आकडे मोजतो. तीन, दोन, एक, धाड्! दचकतो मी तेव्हाही. पण वाऱ्यानं दार आपटलं तरी माणूस दचकतो, म्हणून काही वारा कलावंत ठरत नाही.

या 'धाड्'चा पूर्वज मात्र मोठा गुणी होता. १९४२ सालचा 'कॅट पीपल', निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जाक तुर्नर. रात्री एक बाई एकटीच रस्त्यानं चाललीय, मागून दुसऱ्या बाईच्या पावलांचा आवाज येतोय. मग तो आवाजच बंद होतो. ही घाबरून भराभर चालू लागते, आता झडप पडणार असं वाटतं आणि फिस्सकन एखादं जनावर अंगावर यावं तसा आवाज येतो. तो असतो बसच्या ब्रेकचा. बस समोर येऊन थांबते, बाई चढते, प्रसंग संपला. या युक्तीला सिनेमावाले आजही 'ल्यूटन बस' म्हणतात. ऐंशीहून जास्त वर्षं झाली, बस तीच चाललीय, फक्त हॉर्न मोठा झालाय. आणि गंमत अशी की मूळ प्रसंगातली भीती बसमध्ये नव्हतीच. ती त्या थांबलेल्या पावलांत होती.

दुसरा घोळ किळसेचा. नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस सांगितलेत, एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. आतडी बाहेर काढणाऱ्या सिनेमांना मी नावं ठेवत नाही, पण त्यांचं फडताळ वेगळं. आणि "तुंबाड का नाही?" म्हणून बाह्या सरसावणाऱ्यांसाठी आत्ताच सांगून टाकतो : 'तुंबाड' मी तीनदा पाहिलाय, तिन्ही वेळा डोळे विस्फारून. त्यात मला भयापेक्षा अद्भुत जास्त सापडतं. पाहून झाल्यावर रात्री झोप मात्र छान लागली.

मग माझी कसोटी काय? मराठीत दोन साधी क्रियापदं आहेत, दाखवणं आणि दिसणं. बहुतेक सिनेमे भूत दाखवतात. कॅमेरा त्याच्याकडे धावतो, व्हायोलिनं किंचाळतात, आणि तुम्ही कुठे बघायचं, कधी घाबरायचं हे सगळं दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. मोजके सिनेमे असे असतात की त्यात ते तुम्हाला दिसतं. चौकटीच्या कडेला, आवाज न करता, बराच वेळ. कुणी बोट करत नाही. आपल्याच नजरेनं ते शोधलेलं असतं, त्यामुळे 'हा सगळा सिनेमावाल्यांचा खेळ' असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

या दिसण्याचा माझ्या मते पहिला मोठा उस्ताद म्हणजे 'द इनोसन्ट्स' (१९६१). दिग्दर्शक जॅक क्लेटन, प्रमुख भूमिकेत डेबोरा कर. मोठ्या वाड्यात दोन अनाथ मुलांना सांभाळायला आलेली शिक्षिका, आणि तिथे पूर्वी राहून मेलेली दोन माणसं. कृष्णधवल आहे म्हणून नाक मुरडू नका. छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस यांनी चौकटीच्या कडा काळवंडाव्यात म्हणून खास रंगवलेले फिल्टर वापरले होते. त्यामुळे रुंद पडद्याच्या दोन्ही बाजू सतत अंधारात असतात आणि तुमची नजर नको तिथे जात राहते. पण त्यातला सगळ्यात वाईट क्षण अंधारातला नाहीच. भर दिवस. तळ्याकाठी शिक्षिका आणि लहान मुलगी. मुलगी एक गाणं गुणगुणतेय. आणि तळ्यापलीकडे, लव्हाळ्यात, काळ्या कपड्यातली एक बाई उभी आहे. ती काही करत नाही. जवळ येत नाही, हात उगारत नाही. नुसती उभी. मी हा प्रसंग किती वेळा पाहिला असेल कोण जाणे, दर वेळी मानेवरचे केस उभे राहतात.

त्याच्याच जोडीला 'द हॉन्टिंग' (१९६३). यात तर भूत पडद्यावर येतच नाही. भिंतीपलीकडून धडका बसतात, लाकडी दार आतल्या बाजूला फुगतं, आणि काळोखात एकीनं घट्ट धरून ठेवलेला हात नक्की कुणाचा होता, एवढ्याच भांडवलावर बोबडी वळते. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज. हेच गृहस्थ दोन वर्षांनी 'द साउंड ऑफ म्युझिक'सारखा गाण्यांचा गोड सिनेमा करणार होते, हे आठवलं की मला हसू येतं. पण त्यांचं दिग्दर्शनातलं पहिलं पाऊल पडलं होतं वर सांगितलेल्या त्याच ल्यूटनच्या हाताखाली, 'कॅट पीपल'च्या पुढच्या भागात. बसचं बिऱ्हाड सोडून पावलांचं रहस्य घेऊन आलेला हा खरा शिष्य.

सैतानानं झपाटलेल्या मुलीच्या 'द एक्झॉर्सिस्ट'बद्दल (१९७३) नव्यानं काय सांगायचं. ज्यांना तो आता हास्यास्पद वाटतो त्यांनी फिरणारी मान बाजूला ठेवून त्यातले इस्पितळाचे प्रसंग पुन्हा पाहावेत. पोरीला काय झालंय हे कुणालाच कळत नाही आणि यंत्रं नुसती खडखडत राहतात. सैतानापेक्षा ते असह्य आहे. मला मात्र आग्रह धरायचाय तो 'द एक्झॉर्सिस्ट ३'चा (१९९०). दुसरा भाग पाहिला नसेल तर काही बिघडत नाही. मूळ कादंबरीकार विल्यम पीटर ब्लॅटी यांनीच हा दिग्दर्शित केलाय. शेवट निर्मात्यांच्या हट्टापायी पुन्हा चित्रित करावा लागला आणि ते ठिगळ स्पष्ट कळतं. तरीही पाहा, एका प्रसंगासाठी. इस्पितळातला लांबलचक बोळ, कॅमेरा दूर एका टोकाला गाडून ठेवलेला. रात्रपाळीची परिचारिका. ती एका खोलीत जाते, बाहेर येते. पहारेकरी येतो, जातो. मधे एकदा दचकवून टाकतात, तुम्हाला वाटतं चला, झालं एकदाचं. आणि कॅमेरा पुन्हा त्याच जागी. हलत नाही. पुढचं सांगत नाही. हो, शेवटी दचकवणंच आहे ते, माझ्या सगळ्या प्रवचनाच्या विरुद्ध. पण आधीची ती दोन-चार मिनिटं ज्या निर्दयपणे ताणलीत, तितका धीर आज किती जणांकडे आहे?

जपानी लोकांकडे आहे. 'रिंगू' (१९९८) सगळ्यांनी पाहिलेला असतो, निदान टीव्हीतून बाहेर येणारं सादाकोचं भूत तरी ठाऊक असतं. तिची चाल इतकी विचित्र का वाटते? अभिनेत्रीला उलटं चालायला लावलं आणि फिल्म उलटी फिरवली. आपला मेंदू पावलं ओळखतो, पण त्यांचं गणित जुळत नाही.

पण माझा खरा जीव कियोशी कुरोसावा या दिग्दर्शकावर. (प्रसिद्ध दिग्दर्शक अकिरा कुरोसावाशी नातं नाही.) त्याचा 'कायरो' (२००१), इंग्रजीत 'पल्स'. इंटरनेटमधून मेलेली माणसं परत येतायत असं कथासूत्र, त्या काळातले घरघर करणारे मोडेम, लाल चिकटपट्टीनं बंद केलेली दारं. ऐकायला जुनाट वाटेल. तर त्यात एक बाई खोलीच्या टोकापासून एका माणसाकडे चालत येते. संथपणे. चालता चालता तिचा तोल जातो, ती भलतीच वाकते, आणि सावरून पुन्हा चालू लागते. बस. तिनं काही केलं असतं तर बरं झालं असतं असं वाटायला लागतं.

त्याचाच 'क्युअर' (१९९७) माझ्या यादीत सगळ्यात वर. शहरात खून होतायत, प्रत्येक प्रेताच्या गळ्यावर इंग्रजी एक्सच्या आकाराचा वार, पण खुनी दर वेळी वेगळा आणि दर वेळी साधा, भला माणूस. खून केल्याचं तो कबूल करतो, का केला ते त्यालाच ठाऊक नसतं. या सगळ्यांना मधे एक स्मृती हरवलेला तरुण भेटलेला असतो, जो समोरच्याला पुन्हा पुन्हा एकच विचारतो : तू कोण आहेस? तपास करणाऱ्या पोलिसाचं काम कोजी याकुशोनं केलंय. खून इथे दुरून, एकाच संथ दृश्यात उरकले जातात, जणू कुणी फायलीवर सही करतंय. शेवटचं दृश्य उपाहारगृहातलं आहे. तिथली वाढणारी बाई पार्श्वभूमीला काय करते ते बघा. पहिल्यांदा माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. दुसऱ्यांदा आलं, तेव्हा मी दिवा लावला.

'नोरोई' (२००५) आणि कोरियाचा 'द वेलिंग' (२०१६) यांची नावं नुसती टिपून ठेवा. पहिला बेपत्ता झालेल्या माहितीपटकाराचं शेवटचं काम म्हणून समोर येतो, दुसरा १५६ मिनिटांचा आहे आणि शेवटच्या अर्ध्या तासात कुणावर विश्वास ठेवायचा याची तुम्हाला स्वतःलाच निवड करावी लागते. मी चुकीची निवड केली.

हलत्या कॅमेऱ्याच्या, म्हणजे पात्रांनीच चित्रित केल्यासारख्या भासणाऱ्या सिनेमांना लोक कंटाळलेत, बरोबरच आहे. तरी स्पेनचा 'रेक' (२००७) सोडू नका. ७८ मिनिटं, एक बंद केलेली इमारत, आणि तो दचकवतो तेही प्रामाणिकपणे. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९) पाहून "काहीच दाखवलं नाही" असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

ऑस्ट्रेलियाचा 'लेक मंगो' (२००८) मात्र हात धरून बसवून दाखवावा असा. दिग्दर्शक जोएल अँडरसन. सोळा वर्षांची मुलगी पाण्यात बुडून जाते आणि घरचे लोक कॅमेऱ्यासमोर बसून तिच्याविषयी बोलतात. सगळं खऱ्या माहितीपटासारखं, संवादही नटांनी उत्स्फूर्त बोललेले. यात रक्त नाही, पाठलाग नाही. आहेत ते फोटो, घरगुती चित्रीकरण, आणि एक मोबाइलवर घेतलेली धूसर फीत. तिच्यात जे आहे त्यानं मला अक्षरशः रडू आलं आणि घामही फुटला, एकाच वेळी. शोक आणि भीती इतक्या जवळ राहतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. श्रेयनामावली सुरू झाली की उठू नका. मी उठलो होतो, मित्रानं परत बसवलं. त्यानंतर आठवडाभर मी माझ्या फोनमधले जुने फोटो मोठे करकरून कोपरे तपासत होतो. हसा, पण तुम्हीही कराल.

'हेरेडिटरी' (२०१८) बहुतेकांनी पाहिलाय, पण कसा पाहिलाय? ॲरी ॲस्टरचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. शेवटाकडे एक मुलगा अंधाऱ्या खोलीत जागा होतो आणि दृश्य तसंच थांबून राहतं. संगीत खूण करत नाही. थिएटरात एका रांगेतून श्वास रोखल्याचा आवाज आला, मग दुसरीतून, मग मागून. ज्याला जेव्हा दिसलं तेव्हा. खिडकीतून ऊन येणाऱ्या खोलीत किंवा मोबाइलवर तो भाग पाहिलात तर पडदा नुसता काळा दिसेल आणि तुम्ही म्हणाल, काही घडतच नाही. दिवे घालवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, हेडफोन लावा. आणि एकटे बसा. जोडीला कुणी असलं की माणूस घाबरण्याऐवजी विनोद करायला लागतो.

इराण-इराक युद्धातल्या तेहरानमध्ये घडणारा फारसी 'अंडर द शॅडो' (२०१६) पाहताना तर भीती कशाची हेच कळेनासं होतं. वरच्या मजल्यावर क्षेपणास्त्र येऊन पडलंय, फुटलेलं नाही. शेजारी एकेक करून घर सोडून चाललेत. आई आणि छोटी मुलगी मागे उरल्यात, आणि मुलीची बाहुली सापडत नाहीये.

शेवटचं नाव भुताचं नाही. 'स्पूरलोस', १९८८, दिग्दर्शक जॉर्ज स्लाउझर, इंग्रजीत 'द व्हॅनिशिंग'. प्रवासात पेट्रोल पंपावर थांबलेलं एक जोडपं. ती दुकानात जाते आणि परत येत नाही. तो तीन वर्षं शोधत राहतो. हे कुणी केलं ते सिनेमा लवकरच सांगून टाकतो : बायको-मुलींचा, रसायनशास्त्र शिकवणारा, नीटनेटका गृहस्थ, जो गुंगीचं औषध आधी स्वतःवर वापरून घड्याळ लावून बघतो. ती परत मिळण्याची आशा संपल्यावर शोधणाऱ्याला एकच गोष्ट हवी असते, तिचं काय झालं ते कळणं. आणि तो गृहस्थ दाखवायला तयार असतो. अट एवढीच की सांगणार नाही, तिच्यावर जे जे गुदरलं ते तू स्वतः अनुभवायचं. त्या वेळी मी पडद्यासमोर बसून त्याला मनात म्हणत होतो, घे, हो म्हण.

याच दिग्दर्शकानं १९९३ मध्ये शेवट बदलून हा इंग्रजीत पुन्हा केलाय. चुकूनही तो लावू नका.