'रक्त घरच्यांचंच घ्या' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

'रक्तदान करण्याआधी हे वाचा' हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि वहिनीने पुतणीला कॉलेजच्या शिबिरातून नाव काढायला लावलं. मेसेजचं म्हणणं असं: गेलेलं रक्त भरायला वर्ष लागतं, मुलींनी रक्त देऊच नये, शिबिरातल्या सुईने एड्स होतो, फुकट घेतलेलं रक्त हजारोंना विकतात, म्हणून रक्त द्यायचं आणि घ्यायचं ते फक्त घरच्यांचंच. खाली डॉक्टरचं नाव नाही की कशाचा आधार नाही. तरी 'खूप उपयुक्त' म्हणून चौघांनी तो पुढे पाठवला!

शेवटचा दावा आधी घेते, कारण तो जीवावर बेतू शकतो. सख्ख्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला कधीकधी परक्या वाटतच नाहीत, त्यामुळे शरीर त्यांना मारत नाही. त्या पेशी मात्र रुग्णाच्या शरीरावर उलटतात. ताप, पुरळ, जुलाब, आणि शेवटी हाडांतली रक्त तयार करणारी अस्थिमज्जा निकामी. हे क्वचित होतं, पण झालं तर दहातले नऊ रुग्ण दगावतात. म्हणून सख्ख्या नात्यातलं रक्त द्यायची वेळ आलीच, तर आधी त्यावर किरणांची प्रक्रिया करावी लागते. नवऱ्याचं रक्त बायकोला दिलं तर तिच्या शरीरात त्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होऊ शकतात आणि पुढच्या बाळंतपणात बाळाला त्रास होऊ शकतो. 'आपलं माणूस' म्हणून रक्त आपोआप सुरक्षित होत नाही.

दुसरं असं, की सासऱ्याचं ऑपरेशन आहे आणि सगळे 'चला, चला' करतायत, अशा वेळी जावई आपल्या जुन्या आजाराबद्दल खरं बोलेल का? संसर्ग ताजा असेल तर तपासणीतही काही दिवस सापडत नाही, म्हणून दात्याने खरं सांगणं फार महत्त्वाचं. आणि घरात जुळणारा गटच नसेल तर? मग माणसं पैसे देऊन कुणाला तरी 'मामेभाऊ' म्हणून उभं करतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालाने 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली, ती अशाच धंद्यामुळे. केंद्र सरकारचं 2002 चं राष्ट्रीय रक्त धोरणही हेच सांगतं: रक्त स्वेच्छेने देणाऱ्यांकडून यावं, रुग्णाला दिलेल्या रक्ताच्या बदल्यात नातेवाइकांकडून रक्त घ्यायची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद व्हावी. बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाल्यावर दीर कामावरून येईपर्यंत थांबायचं का? रक्त तपासून रक्तपेढीत तयारच असावं लागतं.

बाकीचं थोडक्यात. वर्षबिर्ष काही लागत नाही. पातळ भाग एक-दोन दिवसांत भरतो, तांबड्या पेशी काही आठवड्यांत. तशीही तांबडी पेशी 120 दिवसच जगते. सुई पिशवीच्या नळीला जोडलेलीच येते आणि एकदाच वापरतात. त्यातून एड्स कसा होईल?

मुलींबद्दल थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. आपल्याकडे मुलींमध्ये रक्त कमी असणं सर्रास आहे आणि एका रक्तदानात दोनशे मिलिग्रॅमच्या वर लोह जातं. पण म्हणूनच तर नियम आहेत: हिमोग्लोबिन किमान 12.5, वजन किमान 45 किलो, दोन रक्तदानांत पुरुषांना 90 आणि बायकांना 120 दिवसांचं अंतर. कित्येक शिबिरांत बोटाचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. सरळ तळाला गेला तर हिमोग्लोबिन पुरेसं, पुढे पाठवतात; वरच रेंगाळला तर परत. पुतणीची ही तपासणी तरी होऊ द्यायची होती.

राहिला पैशाचा मुद्दा. घेतात ते पिशवी, साठवण आणि एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, सिफिलिस, मलेरिया यांच्या तपासण्यांचं शुल्क. खासगी पेढीला तांबड्या पेशींच्या पिशवीमागे जास्तीत जास्त 1550 रुपये, प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) किंवा प्लेटलेटच्या पिशवीमागे 400. काही जण जास्त उकळतात, हे खरंच आहे. म्हणून तर डिसेंबर 2023 मध्ये प्रक्रिया शुल्काखेरीज काही घेऊ नका, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी बजावलं. जास्त मागितले तर पावती घ्या आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. रक्त देणं थांबवून त्या पेढीचं काही बिघडत नाही. हाल होतात ते दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांचे, आणि सगळ्यांत जास्त मे महिन्यात, कॉलेजं बंद आणि शिबिरंही बंद असतात तेव्हा.