"डीए मशीनने पेंट जळूच शकत नाही" हे अर्धंच खरं आहे

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की डीए (ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे ज्याचं पॅड फिरता फिरता डोलतंही) पॉलिशर घ्या आणि बिनधास्त चालवा, दाब दिला की पॅड फिरायचंच थांबतं म्हणून पेंट जळत नाही, क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) भरपूर जाड असतो, आणि पेंटची जाडी मोजणाऱ्या गेजवर १०० मायक्रॉनच्या वर आकडा आला की पाहिजे तेवढ्या वेळा पॉलिश करा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण हे वाचून कोणीतरी गाडीचं वाटोळं करून बसेल म्हणून उत्तर देतोय.

पॅड थांबतं हे खरंय, पण फक्त साध्या फ्री स्पिन मशीनमध्ये. फोर्स्ड रोटेशनवाल्यात गिअर असतो, ती दाबली तरी फिरतच राहते. शिवाय पेंट घासतं ते पॅड आणि कंपाउंड (घासणारी पेस्ट), मशीन नुसती फिरवते, त्यामुळे मायक्रोफायबरचं कटिंग पॅड आणि कडक कंपाउंड घेऊन बॉनेटच्या कडेवर परत परत फिरवलं तर डीएनेही पेंट उडतो. कडेवर थर मुळातच पातळ असतो, कारण फवारल्यावर ओला पेंट तिथून मागे ओढला जातो. म्हणून कडा आणि बॉडी लाइनवर आधी मास्किंग टेप लावा, हे कंटाळवाणं काम आहे पण टाळू नका. प्लास्टिक बंपरवर तर जास्तच जपून, पत्र्यासारखी तिथली उष्णता पसरत नाही, एकाच जागी साठते.

भरपूर जाड म्हणजे किती? कंपनीचा क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, माणसाचा केस ७० च्या आसपास. म्हणजे केसापेक्षाही पातळ, आणि रंगाला उन्हापासून वाचवतो तोच. हलक्या फिनिशिंगमध्ये फार जात नाही, पण दरवर्षी कंपाउंडिंग करत राहिलात तर गेलेला थर परत येत नाही.

गेजचा मुद्दा सगळ्यात घातक वाटतो मला. साधा गेज पत्र्यावरची सगळी जाडी एकत्र दाखवतो, प्रायमर, रंग, क्लिअर सगळं धरून, १२० मध्ये क्लिअर किती उरलाय ते त्यातून कळतच नाही. एखाद्याच पॅनेलवर ३०० आलं तर खूश होऊ नका, तिथे रिपेंट झालाय किंवा खाली पुट्टी आहे. आणि प्लास्टिकवर हा गेज चालतच नाही.

रोटरीपेक्षा (जिचं पॅड नुसतं एका जागी गोल फिरतं) डीए नवख्यासाठी सुरक्षित, हे मात्र मलाही मान्य आहे. तरी सुरुवात छोट्या टेस्ट स्पॉटवर, सगळ्यात मऊ पॅड आणि हलक्या पॉलिशने करा, त्याने भागलं नाही तरच पुढची पायरी. आणि क्लिअर कोटवाल्या गाडीचा रंग पॅडवर दिसला तर तिथल्या तिथे मशीन बंद करा.