इंजिन बदलल्यावर ट्रक थरथरतोय? तो आपोआप ‘बसत’ नाही

ट्रकमालक आणि ड्रायव्हरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : इंजिन बदलल्यावर गाडी मिसिंग करते (एखादा सिलिंडर नीट काम करत नाही), थरथरते, धूर टाकते, त्यात काळजीचं काही नाही. नवीन इंजिन बसायला ५,००० किलोमीटर लागतात, तोवर चालवत राहा. फारच वाटलं तर एक रात्र बॅटरी काढून ठेवा. डिझेलमध्ये थोडं रॉकेल नाहीतर टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांचं ऑइल) टाका. कुठला सिलिंडर काम करत नाही ते बघायला नोजलचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाचे) पाइप एकेक करून ढिले करा. तरीही थांबलं नाही तर नोजलचा पूर्ण सेट बदला.

गळीत हंगामाच्या तोंडावर कोल्हापुरात कितीतरी गाड्यांची इंजिनं खाली उतरतात. उसाच्या खेपा सुरू झाल्या की गाडी दोन दिवस उभी ठेवणं कुणालाच परवडत नाही, त्यामुळं ‘चालवत राहा’ हे ऐकायला बरं वाटतं. पण या मेसेजमधली जवळजवळ प्रत्येक ओळ मालकाला खर्चात पाडणारी आहे आणि एक ओळ तर माणसाचा हात घालवू शकते. ती आधी घेतो.

नोजलचे पाइप ढिले करण्याची पद्धत जुन्या पंपाच्या गाड्यांची आहे. आयडलिंगला एकेक नट सैल करायचा; ज्या सिलिंडरचा नट सोडल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर काम करत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ऑइल इंजिनांवर हात बसलेल्या कितीतरी मिस्त्रींनी असंच निदान केलंय आणि त्या इंजिनांवर ते बरोबरच होतं. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथं सगळ्या नोजलांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल मिळतं तिथं, मात्र हे कधीही करू नका. रेलमध्ये लोडवर १,६०० ते २,००० बारच्या घरात दाब असतो, आयडलिंगलाही काही शे बार. ट्रकच्या टायरात साधारण ८ बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. सैल नटातून निघालेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत मांस सडायला लागतं. असं कुणाला झालंच तर घरी थांबायचं नाही, तासाभरात सर्जनकडं न्यायचं.

कॉमन रेलला सिलिंडर शोधायचे दोन सोपे मार्ग आहेत. स्कॅनर लावला की आयडलिंगला ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) कुठल्या सिलिंडरला किती डिझेल कमी-जास्त करतंय ते आकड्यात दिसतं; एक आकडा इतरांपेक्षा फटकून असेल तर तिथं बघा. स्कॅनर नसेल तर सकाळी थंड इंजिन चालू करून टेम्परेचर गन एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या एकेका तोंडावर धरा. काम न करणाऱ्या सिलिंडरचं तोंड उशिरा तापतं.

आता ‘५,००० किलोमीटर’. नव्या किंवा फुल काम केलेल्या इंजिनात बसायच्या असतात त्या पिस्टनच्या रिंगा. त्या लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) नीट लागेपर्यंत इंजिन ऑइल जरा जास्त खातं, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) थोडा जास्त धूर येतो, आणि हे दोन्ही हळूहळू कमी होत जातं. मिसिंग यात मोडतच नाही. सिलिंडर चार असोत की सहा, डिझेल लाइनमधली हवा निघून गेल्यावर सगळ्यांनी सारखी ताकद द्यायला पाहिजे. एखादा मागं पडत असेल तर त्याला काहीतरी कारण आहे, आणि ते कारण किलोमीटर वाढल्यानं जात नाही.

उलट नुकसानच होतं. न जळलेलं डिझेल लायनरवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं आणि खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यात, उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला तर समजा हेच चाललंय. म्हणजे ज्या रिंगा बसाव्यात म्हणून वाट बघताय, त्यांचीच झीज होते. बीएस-६ गाडीत, म्हणजे १ एप्रिल २०२० पासून आलेल्या गाड्यांत, हेच डिझेल पुढं डीपीएफपर्यंत (सायलेन्सरच्या लाइनमधल्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरपर्यंत) जातं आणि तो खर्च वेगळा. काही जण इंजिन बसावं म्हणून रात्रभर आयडलिंगला सोडतात, तेही चुकीचं. रिंगा मध्यम लोडवर बसतात. नुसत्या आयडलिंगनं लायनर गुळगुळीत होतो आणि मग ऑइल खाणं थांबतच नाही.

मग दोष कुठं असतो? बहुतेक वेळा इंजिनाच्या आत नाहीच. तो असतो गाडीतून इंजिन उतरवताना जे जे सोडलं आणि परत जोडलं त्यात.

पहिली शंका हवेची. टाकीपासून पंपापर्यंतची डिझेल लाइन ओढीवर चालते, म्हणून तिथली गळती बाहेर ठिबकत नाही, ती आत हवा घेते. ‘कुठंच लिक नाही’ असं मिस्त्री खरंच बघून सांगतो आणि गाडी तरी मिसिंग करते, त्याचं कारण हे. जुने तांब्याचे वायसर परत लावलेले असतात, वॉटर सेपरेटरची रबर रिंग चिमटलेली असते, पाइपला बारीक चीर गेलेली असते. सकाळी स्टार्ट व्हायला त्रास, मग थोडा वेळ बरी, रेस सोडली की हेलकावे, हे याचं लक्षण. पंपाच्या आधी पारदर्शक पाइपचा एक तुकडा जोडा आणि बुडबुडे येतात का बघा. खर्च फार नाही.

मग अर्थिंग. इंजिन आणि चासीमधली अर्थ पट्टी बसवायची राहते नाहीतर रंगावरच बसवली जाते. सेन्सरांचे सिग्नल बिघडतात, आणि लोक सेन्सर बदलत बसतात.

फ्लायव्हीलकडं फार थोड्यांचं लक्ष जातं. बऱ्याच गाड्यांत स्पीड सेन्सर फ्लायव्हीलवरची भोकं किंवा दाते वाचतो आणि त्यावर ईसीएम डिझेल कधी मारायचं ते ठरवतं. दुसऱ्या मॉडेलचं इंजिन त्याच्या फ्लायव्हीलसकट बसवलं आणि भोकांची मांडणी वेगळी निघाली, तर सगळं नवं असूनही गाडी नीट चालणार नाही. सेन्सरचं अंतरही इथंच तपासायचं.

थरथर आणि मिसिंग यांत फरक करा. रेस वाढवल्यावर हलणं कमी होत असेल तर सिलिंडरकडं बघा. रेसबरोबर वाढत जात असेल तर माउंटिंग रबर, फ्लायव्हील, प्रेशर प्लेट बघा. इंजिन नवं घालून रबरं जुनीच ठेवणं ही काटकसर नेहमी अंगलट येते. आयडलिंगला गाडी शांत आहे, पण वैभववाडीकडून भरून येताना करूळ घाटात ओढत नाही आणि काळा धूर सोडते, असं असेल तर टर्बो ते इंटरकूलर हवेचे पाइप आणि क्लिपा तपासा. पांढरा धूर आणि पिकअप नाही, तर जुन्या पंपाच्या गाडीत पंपाचं टायमिंग मागं राहिलंय का बघायचं. पण पांढऱ्या धुराला गोडसर वास असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर गाडी तिथंच बंद करा, कूलंट आत जातंय.

बॅटरी रात्रभर काढून काय होतं? इंजिनाबरोबर आलेल्या नोजलांसाठी तर काहीच नाही. अनेक कॉमन रेल गाड्यांत प्रत्येक नोजलवर अक्षर-आकड्यांचा कोड छापलेला असतो, ते नोजल नेमकं किती डिझेल मारतं हे त्यात असतं. इंजिन दुसरं आलं आणि ईसीएम जुन्याच गाडीचं राहिलं की त्यात जुन्या नोजलांचे कोड राहतात. बॅटरी काढल्यानं ते पुसले जात नाहीत आणि नवे आपोआप वाचलेही जात नाहीत. स्कॅनरनं, बरोबर सिलिंडरच्या क्रमानं, भरावेच लागतात. युरियावाल्या (धूर साफ करायला युरियाचं पाणी वापरणाऱ्या) गाडीची चावी बंद करून लगेच बॅटरी तोडली तर आणखी एक बिघाड होतो : लाइनमधला युरिया परत टाकीत जायला थोडा वेळ लागतो, तो मिळत नाही आणि युरिया आतच सुकतो.

रॉकेल घालू नका. कॉमन रेलच्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं आणि रॉकेलमध्ये ते नाही. टू-टी ऑइलनं हवा निघत नाही, कोड भरले जात नाहीत.

नोजलचा सेट सगळ्यात शेवटी. आधी वरचं सगळं बघून झालेलं पाहिजे, मग रिटर्न लाइनची चाचणी, ज्यात एखादं नोजल इतरांपेक्षा किती जास्त डिझेल परत सोडतंय ते बाटल्यांत मोजून कळतं, मग कॉम्प्रेशन. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलेलं असेल तर तिथं कितीही महाग नोजल बसवून फरक पडणार नाही. टॅपेट, व्हॉल्व्ह किंवा रिंगांचंच काम निघेल, आणि ते ज्यानं इंजिन दिलं त्याच्याकडं मागायचं काम आहे.

म्हणून जुनं इंजिन लगेच परत देऊ नका किंवा भंगारात घालू नका. नवं इंजिन लोडवर नीट चालेपर्यंत ते गॅरेजातच राहू द्या. फ्लायव्हीलची भोकं, सेन्सरची ब्रॅकेट, नोजलवरचे नंबर, पाइपांची वळणं, काय काय बदललंय हे दोन्ही शेजारी ठेवल्यावर लगेच दिसतं. जागेची अडचण असेल तर निदान नोजल, फ्लायव्हील आणि इंजिनावरच्या नंबर प्लेटचे स्पष्ट फोटो काढून ठेवा, आणि इंजिन नंबर बदलल्याची नोंद आरसीवर करून घ्यायचंही राहू देऊ नका.