खोत आणि कुळं ‘एका घरासारखी’ नांदत नव्हती

‘कोकणात खोत आणि कुळं एका घरासारखी नांदत होती. बाहेरच्या पुढाऱ्यांनी एका जातीवर राग काढायला भांडणं लावली, आणि कुळकायद्यानं कोकण ओसाड पडलं.’ हा मजकूर शिमग्यापासून आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. पुढे पाठवणाऱ्यांत कुळांची नातवंडंही आहेत, त्याचं जास्त वाईट वाटलं.

आधी ‘एका घरा’चं बघू. खोत म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वतनदार, आणि कूळ म्हणजे त्याच्या ताब्यातली जमीन कसणारा शेतकरी. अर्धेलीच्या कुळाला अर्धं पीक खोताला घालावं लागे. पिकलं किती, हेही कुळानं ठरवायचं नाही. भात शेतात उभं असतानाच खोताचा माणूस बांधावरून अंदाज करी, त्याला अभावणी म्हणत. माझी आजी दापोलीकडची. ती सांगायची, अभावणीच्या दिवशी त्या माणसासाठी कोंबडा कापायचा, त्याचं जेवण उरकेपर्यंत घरात कुणी तोंड उघडायचं नाही, आणि मग तो सांगेल तो आकडा ऐकून घ्यायचा. पुढे पावसानं भात आडवं पाडलं तरी आकडा तोच. वर वेठ होतीच. आधी खोताची लावणी, मग आपली. लावणीचे आठ दिवस हातचे गेले की काय होतं, हे कोकणात कुणाला सांगायला नको.

अडीनडीला भात देणारे भले खोत होते, हे मी नाकारत नाही. पण कुळाचं पोट खोताच्या भलेपणावर चालायचं, हेच तर दुखणं होतं.

आणि बाहेरचे पुढारी म्हणजे कोण? नारायण नागू पाटील अलिबाग तालुक्यातलेच, आगरी समाजातले. १९३३ साली त्यांच्याच पुढारीपणाखाली त्या तालुक्यातल्या चरी गावी शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. २५ गावांनी खोतांच्या जमिनी कसायचं सोडलं आणि सहा वर्षं ते धरून ठेवलं. कुणाच्या चिथावणीनं माणूस एखादा हंगाम उपाशी काढेल, सहा नाही काढणार. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर १९३४ मध्ये चरीला आले, तेव्हा संपाला वर्ष उलटून गेलं होतं. त्यांना तरी बाहेरचे कसं म्हणायचं? त्यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातली हजारो कुळं मुंबईत मोर्चानं विधिमंडळावर गेली. गावात ज्यांचे पाणवठे वेगळे, ते कुणबी आणि महार त्या दिवशी एका मोर्चात चालले. मला ही कोकणाच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते.

जातीवरच्या रागाचं म्हणाल, तर खोत ब्राह्मण होते, मराठा होते, मुसलमानही होते. खोतीविरुद्ध आंबेडकरांबरोबर उभे राहिलेले अनंतराव चित्रे कायस्थ प्रभू.

राहता राहिलं ओसाड पडणं. कुळकायदा १९४८ चा, खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा. मुंबईच्या गिरण्या त्यांच्या नव्वदेक वर्षं आधीपासून कोकणी माणसांनी भरत होत्या. अर्धं पीक घालून वर्ष निघत नव्हतं म्हणून घरटी एक माणूस बोटीनं मुंबईला जायचा. माझे आजोबाही असेच गिरणीत लागले, कायद्याच्या कितीतरी आधी. सातबारावर नाव चढल्याचं पत्र गेलं, तेव्हा ते खाडा करून गावी आले, आणि तिन्हीसांजेपर्यंत बांधावर बसून राहिले, असं आजी सांगायची.