फादरांनाच विचारू

आमच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत, म्हणजे सामुदायिक उपासनेत, शेवटच्या आशीर्वादाआधी सूचना वाचल्या जातात. त्या ऐकायला लोक शरीराने थांबतात, पण त्यांचे मन तोवर फाटकाबाहेरच्या वडेवाल्यापाशी पोहोचलेले असते. फेब्रुवारीतल्या एका रविवारी फादरांनी चार सूचना वाचल्या. पहिली, फाटकासमोर दुचाकी लावू नयेत. दुसरी, प्रथम ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलांना पालकांनी वर्गाला वेळेवर आणावे. तिसरी, येत्या मे महिन्याच्या अखेरीस आपण निवृत्त होत आहोत. चौथी, मागच्या बाकावर दातांची एक कवळी सापडली असून ती ऑफिसात ठेवली आहे. मग आशीर्वाद झाला, गीत झाले, आणि बाहेर अंगणात अर्धा तास जी चर्चा रंगली ती कवळी कोणाची असावी याची. तिसरी सूचना आमच्या डोक्यात उतरली ती सोमवारी दुपारी, आणि मग मात्र गायनमंडळाच्या बाईंपासून फुलवाल्यापर्यंत सगळ्यांनी एकमेकांना फोन करून ‘तुम्हाला माहीत होतं का?’ असे दरडावून विचारायला सुरुवात केली.

एरवी आमच्याकडे सहा-सात वर्षांनी धर्मगुरूंची बदली होते. हे फादर मात्र चौदा वर्षे टिकले, आणि त्यामुळे ते चर्चच्या इमारतीबरोबरच बांधले गेले असावेत अशी आमची समजूत झाली होती. कॅथॉलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेप्रमाणे वयाची पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली की प्रमुख धर्मगुरूने बिशपांकडे राजीनामा सादर करायचा असतो आणि तो स्वीकारायचा की लांबवायचा हे बिशप ठरवतात. तो स्वीकारला गेला होता. पुण्यात हा नियम पटणे अवघडच, कारण इथे पंच्याहत्तरी ओलांडल्याशिवाय माणसाला व्याख्यानाला बोलावत नाहीत.

लगोलग निरोप समारंभ समिती नेमण्यासाठी सभा झाली. मेव्हण्याला शिवाजीनगर स्टेशनवर सोडायला गेल्यामुळे मी त्या सभेला नव्हतो, आणि नसलेल्या माणसाला विरोध करता येत नाही या सर्वमान्य तत्त्वावर मला समितीचा निमंत्रक करण्यात आले. शिवाय मी आयुष्यभर एका कचेरीत टिपणे लिहिली असल्यामुळे ‘तुमचं मराठी बरं आहे’ असे सांगून मानपत्रही माझ्याच गळ्यात घालण्यात आले.

पहिला वाद भाषेचा निघाला. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे या चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, नगर जिल्ह्यातून पोटापाण्यासाठी आलेली मराठी कुटुंबे आहेत, कॅम्पातून इकडे सरकलेले गोवेकर आहेत, तमिळ आहेत, मल्याळी आहेत, आणि प्रत्येकाचे ठाम मत असे की फादरांचे खरे प्रेम आपल्याच भाषेवर आहे. निरोपाची मिस्सा कोणत्या भाषेत, यावर दोन सभा गेल्या. कॅथॉलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना वाट करून दिली त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये होई, कोणालाच फारसे काही कळत नसे आणि म्हणून कोणी भांडतही नसे, असे आमच्यातल्या एका नव्वदीच्या आजोबांनी सांगितले आणि लॅटिनकडेच परत जावे असा ठरावही मांडला. तो अनुमोदकाअभावी पडला. मग कोणीतरी तज्ज्ञांचे मत घ्यावे असे सुचवले. पुण्यात याचा अर्थ भयंकर असतो. धर्मगुरू घडवणारी पेपल सेमिनरी १९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून नगर रस्त्यावर आली, त्या परिसरात तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकवणारी विद्यापीठ दर्जाची संस्था आहे, आणि परिणामी आमच्याकडे दर तिसऱ्या घराच्या ओळखीत एक तरी धर्मशास्त्री असतो. तीन तज्ज्ञांकडून चार मते आली. शेवटी खजिनदार काका थकून म्हणाले, ‘फादरांनाच विचारू.’

निरोप कसा द्यावा हे ज्याला निरोप द्यायचा त्यालाच विचारणे बरे दिसत नाही, असे मी दबक्या आवाजात सांगून पाहिले. तोवर तिघे जण उठून गेलेसुद्धा होते. फादरांनी पाच मिनिटांत पहिले वाचन मराठीत, दुसरे इंग्रजीत, श्रद्धावंतांच्या प्रार्थना सगळ्या भाषांत आणि गीते ज्यांना सुरात येतील त्यांना, अशी वाटणी करून दिली. शेवटच्या अटीमुळे मात्र नवा वाद पेटला.

दुसरा वाद चहाचा. ख्रिस्ती घरच्या चहाने या शहरात पूर्वीही पुष्कळ खळबळ केलेली आहे. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा ठेवला गेला, लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांची नावे त्या चहात बुडाली, ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोहोचले आणि प्रायश्चित्तांवर येऊन थांबले. ते मिशन अँग्लिकनांचे, आम्ही कॅथॉलिक, तेव्हा त्या कपबशांशी आमचा संबंध नाही; पण एवढ्या थोर वादातही चहा कागदी कपात द्यावा की स्टीलच्या पेल्यात, हा मुद्दा कोणी काढल्याचे माझ्या वाचनात नाही. आमच्याकडे तो पावणेदोन तास चालला. पर्यावरण, पेले विसळणाऱ्या मावशींची कंबर, आणि २०१९ मध्ये हरवलेले सतरा पेले असे तीन पक्ष पडले. पुन्हा फादरांनाच विचारले. त्यांनी काही न बोलता सभागृहामागच्या कपाटाची चावी दिली, आणि कपाटात नाताळात उरलेल्या कागदी कपांची चार पुडकी निघाली.

भेटवस्तूच्या बाबतीत मात्र त्यांना कळू द्यायचे नाही, असे सर्वानुमते ठरले. कोणी कपडे धुण्याचे यंत्र सुचवले, कोणी आरामखुर्ची. निवृत्त धर्मगुरूंच्या निवासात एका खोलीत राहणाऱ्या माणसाने यंत्र कुठे ठेवायचे, हा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही, पण मुळात धर्मगुरूला यंत्र चालते का, हा आला. धर्मप्रांताचे धर्मगुरू येशूसंघीयांसारख्या व्रतस्थ संघांतल्या धर्मगुरूंप्रमाणे दारिद्र्याचे व्रत घेत नाहीत, त्यामुळे कायद्याने यंत्राला हरकत नाही, असे खजिनदारांनी सांगितले, आणि लगेच समितीकडे एकूण जमा किती आहे तेही सांगितले. त्या आकड्यानंतर सगळ्यांनाच दारिद्र्याच्या व्रताची थोरवी पटली. मग फादरांना नेमके काय हवे आहे ते त्यांना न कळता काढून आणावे, असे काम माझ्यावर सोपवण्यात आले.

मी मानपत्रातल्या काही तारखा विचारण्याच्या मिषाने गेलो. दार उघडताच फादर म्हणाले, ‘भेटवस्तूचं विचारायला आलात ना? शाल आणू नका. छत्तीस झाल्या आहेत.’

त्यांच्या टेबलावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता आणि त्यात चाव्या होत्या. एकूण त्रेचाळीस. प्रत्येकीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली, आणि चिठ्ठीवर बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत असते तसल्या बारीक, सरळ अक्षरात सूचना. मी एकेक वाचत गेलो. ‘घंटेच्या मनोऱ्याचे दार. आधी स्वतःकडे ओढावे, मग चावी फिरवावी. उलट केल्यास सुतार बोलवावा लागतो.’ ‘दफनभूमीचे फाटक. पावसाळ्यात तेल.’ ‘गायनमंडळाचे कपाट. दोन्ही गटांना एकाच वेळी देऊ नये.’ ‘पाण्याची मोटर. कुलूप बदलले आहे. ही चावी जुनी, पण टाकू नये.’ तळाशी अकरा चाव्यांचा एक जुडगा होता आणि त्यावर लिहिले होते, ‘काय उघडते ते माहीत नाही. मी आलो तेव्हा आधीच्या फादरांनीही हेच सांगितले होते.’ टॅबरनॅकलची, म्हणजे पवित्र ख्रिस्तप्रसाद ठेवायच्या पेटीची, चावी तेवढी डब्यात नव्हती. ती अत्यंत काळजीपूर्वक सांभाळावी असे चर्चचा कायदाच सांगतो, आणि ती ते स्वतः नव्या फादरांच्या हातात ठेवणार होते. बाकीचा डबा, नवे फादर रुळेपर्यंत, मी सांभाळायचा होता. का, असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘सभेला नव्हतात ना तुम्ही?’

बोलता बोलता मी मानपत्राचा मसुदा त्यांना दाखवला, ही माझी चूक. दाखवायचा होता तो फक्त तारखांपुरता. पण चौदा वर्षे लोकांचे अर्ज वाचलेल्या माणसाच्या हातात कागद पडला की तांबडे पेन आपोआप वर येते. मी सुरुवात भारदस्त केली होती: सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांच्या फौजेत ख्रिस्ती शिपाई होते, त्यांच्यासाठी पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ साली क्वार्टर गेटजवळ शहरातले पहिले चर्च उभे राहिले, आणि त्या उज्ज्वल परंपरेत, वगैरे. फादरांनी तो सबंध परिच्छेद आडवा कापून समासात लिहिले, ‘मी तेव्हा नव्हतो.’ ‘ऋषितुल्य’ या शब्दापुढे त्यांनी ‘पुरावा?’ असे लिहिले. दर सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला आपण नेत असलेल्या बसचा उल्लेख मी ‘भक्तीचा झरा’ असा केला होता. तिथे त्यांनी ‘दोन बस, एक परतीच्या वाटेवर बंद पडली’ अशी दुरुस्ती केली. चार ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. ‘कनवाळू’ तेवढा राहू दिला, पण त्याखालीही एक बारीक रेघ होती. दीड पानाचे मानपत्र सव्वीस ओळींवर आले, आणि मान्य करायलाच हवे की चांगले झाले. स्वतःचे मानपत्र स्वतः तपासून, सही करून परत देणारा दुसरा सत्कारमूर्ती मी पाहिलेला नाही. सही त्यांनी सवयीने केली. मला नंतर ती खोडरबराने पुसावी लागली आणि शाईची असल्यामुळे कागदाला भोक पडले.

मे महिन्यातला शेवटचा रविवार उजाडला. मिस्सा वाटणीप्रमाणे पार पडली. गीतांविषयी न बोललेलेच बरे. नंतर सभागृहात मी मानपत्र वाचायला उभा राहिलो आणि ‘आदरणीय’ या शब्दावर माईक गेला. आठशे माणसांनी माझ्याकडे पाहिले नाही, तंत्रज्ञाकडेही पाहिले नाही, सगळ्यांनी फादरांकडे पाहिले. ते गळ्यात चार हार घेऊन व्यासपीठावरून उतरले, भिंतीजवळच्या अॅम्प्लिफायरपाशी गेले, खालून दुसरे बटण बंद करून चालू केले, वर चापट मारली, आणि परत जागेवर येऊन आपले गुणवर्णन ऐकण्यासाठी हात जुळवून बसले. गायनमंडळाच्या बाई, ज्यांचे फादरांशी नाताळच्या गीतांवरून वर्षानुवर्षे भांडण होते, त्या या ठिकाणी मोठ्याने रडू लागल्या. मला वाचताना दोनदा थांबावे लागले. एकदा त्यांच्या रडण्यामुळे आणि एकदा भोकामुळे.

संध्याकाळी निघायची वेळ झाली. फादरांचे सामान म्हणजे दोन बॅगा, मच्छरदाणी आणि पुस्तकांचे एक खोके. छत्तीस शाली त्यांनी आदल्या आठवड्यात वृद्धाश्रमाला पाठवल्या होत्या. आज मिळालेल्या अकरा त्यांनी माझ्या हातात दिल्या आणि पत्ता सांगितला. लोकांनी गाडीला गराडा घातला, लहान मुलांनी फुले टाकली, ड्रायव्हरने गाडी सुरू करून दहा फूट पुढे घेतली आणि थांबवली. फाटकासमोर, बरोबर मधोमध, एक स्कूटर उभी होती.

चौदा वर्षांतल्या सगळ्या रविवारच्या सगळ्या पहिल्या सूचना त्या क्षणी अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकाला आठवल्या असाव्यात, कारण एकदम शांतता पसरली. फादरांनी काच खाली केली आणि माईक नसताना, नेहमीच्याच सुरात, स्कूटरचा नंबर वाचला. तो नंबर माझा होता. सकाळी चारशे सामोसे उतरवायला मी पाच मिनिटांसाठी ती तिथे लावली होती, आणि धांदलीत हरवू नये म्हणून तिची चावी, जिथे सगळ्या चाव्या सुरक्षित असतात तिथे, म्हणजे त्या डब्यात टाकली होती.

मी डबा घेऊन धावत आलो. चव्वेचाळीस चाव्या, त्रेचाळीस चिठ्ठ्या, गुंतलेले दोरे, आणि भोवती अख्खा धर्मग्राम. मला दफनभूमीचे फाटक सापडले, पाण्याची मोटर सापडली, अकरांचा जुडगा दोनदा सापडला. मागून खजिनदार काका म्हणाले, ‘अहो, फादरांनाच विचारा.’

फादरांनी काचेतून हात बाहेर काढून डबा मांडीवर घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, दोन बोटांनी आतल्या चाव्या एकदा ढवळल्या आणि माझी चावी उचलून माझ्या तळहातावर ठेवली.

‘हिला चिठ्ठी नव्हती,’ ते म्हणाले, ‘म्हणून लगेच दिसली.’

मी स्कूटर बाजूला घेतली.