हस्की, एसी आणि आपली थंडी

नमस्कार. थंडीतल्या भटकंतीसाठी कुत्रा निवडण्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झोडपून काढलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गोव्यात हस्की पाळू नका हे सांगणारा मी कोण, पर्वरीच्या फ्लॅटमध्ये तुमचा हस्की एसीत मजेत राहतो, आणि तुम्ही डिसेंबरात मनालीला जाता, तर तिथे काय गावठी कुत्रा न्यायचा?

हस्कीशी माझं वैर नाही. 1925 साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा औषध घेऊन बर्फातून धावलेल्या गाड्यांना सायबेरियन हस्कीही जुंपलेले होते. त्या कुत्र्याला मी काय नावं ठेवणार! माझा वाद आहे तो आपल्या हवेशी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या, तोंडातला ओलावा उडून जाईल तेवढाच गारवा. हवाच दमट असेल तर ओलावा उडणार कुठे? म्हणून तिशीतला पारा नागपूरच्या कोरड्या हवेत जेवढा सोसवतो, तेवढा पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर सोसवत नाही.

आपल्याकडे जानेवारीतही पणजीत पहाटे विशीच्या आसपास असतं आणि दुपारी तिशी ओलांडते. मिरामारला सकाळी नऊनंतर एखादा हस्की दिसला तर नीट बघा. पुढच्या पायांनी वाळू उकरतो, खालचा ओला थर लागला की त्यात पोट टेकून पसरतो. जीभ टोकाला फावड्यासारखी रुंद झालेली. मालक म्हणतो, 'खेळतोय बघा!' खेळत नसतो तो. हिरड्या विटकरी लाल झाल्या, लाळ चिकट झाली, तर फोटो राहू द्या, अंगावर पाणी ओता आणि डॉक्टर गाठा.

एसीचं म्हणाल तर घरात तो सुखी असेलही. पण आपण बोलतोय भटकंतीच्या सोबत्याबद्दल. एसीतून बाहेरच काढता येत नाही तो सोबती कसला?

आता मनाली. तिथे तो खूश होईल, मान्य. पण पोचवणार कसा? रेल्वेत एसी फर्स्टचा अख्खा कूपे मिळाला तर ठीक, नाहीतर गार्डाच्या डब्यातली पेटी, आणि मडगाव ते दिल्ली एका दिवसाहून जास्त. बर्फातले आठ-दहा दिवस धरून जात निवडायची आणि उरलेलं वर्ष त्याने भोगायचं, हे मला पटत नाही. गावठी तिथे न्या असं मी म्हटलेलंच नाही. मुधोळही नाही. घोरपड्यांच्या संस्थानातला तो शिकारी कुत्रा पठारावर वाऱ्यासारखा पळतो, पण अंगावर चरबी नाही, केस आखूड, बर्फात कुडकुडेल. डोंगरात कुत्र्याची सोबत हवीच असेल तर तिथले भोटिया जातीचे पहाडी कुत्रे आहेत, बिस्किटावर दिवसभर मागे येतात.

आपली थंडी म्हणजे चोर्ला घाटातलं धुकं आणि सत्तरी तालुक्यातले सडे, म्हणजे उघडी कातळ पठारं. त्याला पंधरा-वीस किलोचा, आखूड केसांचा गावठी कुत्रा मला सर्वांत योग्य वाटतो. लॅब्राडोर चालेल, पण तोही न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या कुत्र्यांचा वंशज, त्यात आपण त्याला खाऊ घालून पिंप करतो. एक बजावतो: म्हादई, नेत्रावळी, मोले ही अभयारण्यं आहेत, तिथे कुत्रा न्यायचाच नाही. बिबट्याला तो आयता घास, आणि कुत्र्याकडून डिस्टेंपरसारखे रोग जंगलात जातात. शिवाय सत्तरीत माकडताप होऊन गेलाय. तो पसरवणाऱ्या गोचिडी नेमक्या याच कोरड्या महिन्यांत जास्त असतात. परतल्यावर गाडीत बसायच्या आधीच कुत्र्याच्या कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात हात फिरवून बघा, जात कुठलीही असो.

तुमच्याकडे हस्की आहेच, तर त्याला सोडून द्या असं कोण म्हणेल? उजाडायच्या आत फिरवा. निघताना डांबरावर तळहाताची मागची बाजू टेका, चटका बसला तर परत फिरा. आणि ग्रूमिंगवाला 'उन्हाळ्यासाठी सगळे केस काढू का' विचारेल, तेव्हा साफ नाही म्हणा. ते केस ऊनही अडवतात, आणि एकदा भादरले की पुन्हा धड येतीलच असं नाही. आतला सुटलेला थर तेवढा विंचरून काढायचा, फेब्रुवारीपासून रोज.