टॅरेंटम म्हणे तारांतम्!

मामांनी ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड मी एरवी न वाचताच सोडला असता. पण ताईच्या मुलीने तो शाळेच्या प्रोजेक्टमध्ये जसाच्या तसा उतरवला, तेव्हा बसावंच लागलं. दावा असा: इटलीतल्या प्राचीन शहरांची लॅटिन नावं मुळात संस्कृत. रोम म्हणजे राम, रावेन्ना म्हणजे रावण, निआपोलिस म्हणजे नवपुर आणि टॅरेंटम म्हणजे तारांतम्, ताऱ्यांचा अंत.

हा ताऱ्यांचा अंत कुठून काढला देव जाणे. हे शहर स्पार्टाहून आलेल्या ग्रीकांचं, नाव तारास. त्यांच्या नाण्यावर डॉल्फिनवर बसलेला माणूस आहे आणि शेजारी ग्रीक अक्षरांत चक्क 'तारास' लिहिलंय. मग 'न्त' आला कुठून? विभक्तीतून. भगवान्‌चं द्वितीयेत भगवन्तम् होतं ना, तसंच ग्रीकमध्ये तारासचं तारान्ता होतं. त्या रूपावरून लॅटिन टॅरेंटम. सिसिलीतल्या अक्रागासचंही तेच: अक्रागान्ता, म्हणून अॅग्रिजेंटम. शब्दरूपं पाठ केलेल्या मामांना हे मी सांगावं लागतं!

निआपोलिसबाबत थोडं मान्य करतो, नाइलाजाने. नव आणि ग्रीक 'नेओस' खरंच नात्यातले, पुर् आणि 'पोलिस' यांचंही तसंच मानतात. पण संस्कृत आणि ग्रीक या बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. शहर ग्रीकांनी वसवलं, शेजारी त्यांचीच जुनी वस्ती होती म्हणून हे 'नवं शहर'. आजचं नेपल्स ते हेच.

रोमचं नाव ग्रीक नाही, कबूल. म्हणून ते रामाचं होत नाही. रावेन्नाबद्दल काय बोलायचं? या न्यायाने पॅरिसमध्ये परीस सापडायला हवा.

आणि मामा, परक्या नावात आपली भाषा ऐकायचा हा खेळ रोमन आधीच खेळून गेलेत. एका गावाचं नाव त्यांच्या कानाला 'मालेव्हेंटम' लागलं, म्हणजे लॅटिनमध्ये वाईट आगमन. इ.स.पू. २६८ मध्ये तिथे वसाहत केली तेव्हा त्याचं 'बेनेव्हेंटम' झालं, चांगलं आगमन. शुभ म्हणून नाव बदललं, असं रोमन लेखक थोरल्या प्लिनीने 'नॅचरल हिस्ट्री' या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात सरळ लिहून ठेवलंय. अॅड्रिॲटिकपलीकडच्या एपिडॅम्नसचंही तेच. लॅटिन 'डॅम्नम' म्हणजे नुकसान, म्हणून त्याला डिऱ्हॅकियम म्हणायला लागले. तेही प्लिनीच सांगतो. पण मूळ नाव लॅटिनच होतं, असं काही त्याने ठोकून दिलं नाही.

प्रोजेक्ट सोमवारी द्यायचाय. तारांतम्‌वर व्हाइटनर लावून झालाय, रामाचं पान पुसायला पोरगी अजून तयार नाही.